बसण्याचा रकाना

इरफान मुकादमनं टेबलावर तीन पाय मांडले,
मी पापलेटं मांडते तसे,
तोंडं एका बाजूला, मोठा कडेला.
सानपाड्याची कार्यशाळा. पंखा प्लास्टरची पूड उडवतोय.
फळीवर ओळीनं साचे, गुडघ्याखाली संपलेले,
माझ्यावर पेन्सिलीनं लिहिलंय:
नागूबाई कोळी, दिवाळे, उजवा.

पाय कशानं गेला त्याची कथा नको.
शिंगाळ्याचा काटा, अंगात साखर,
आणि मी आठ दिवस हळद भरत बसले. झालं.

पहिला: आत लाकूड, टाचेला स्पंज, घोटा मुका.
सपाट फरशीवर शहाण्यासारखा चालला.
मग इरफाननं फळी तिरकी लावली, आमच्या जेट्टीएवढी.
उतरताना गुडघा पुढं ढकलला,
चढताना मागं.
"स्वस्त आहे," तो म्हणाला, "फक्त पाण्यात घालू नका."
अरे, मी कोळीण.
तो हसला नाही. कागदावर लिहिलं: पाणी.

दुसरा हातात घेतला. साडेपाचशे ग्रॅम, मी सांगितलं.
काटा म्हणाला पाचशे साठ.
काळं पातं, गळासारखं वाकलेलं,
टाच टेकली की ठेवून घेतं, पुढं झुकलं की परत देतं.
असा चोख हिशेब आमच्या बाजारात कुणी ठेवत नाही.
सहा पावलांत खिडकीशी पोचले,
परकरातली पोर होऊन,
आणि थांबायचं कसं ते आठवेना.
किंमत ऐकली.
होडीचं इंजिन त्याहून कमीत आलं होतं.

तिसरा रबराचा. तपकिरी, जाडजूड,
अंगठा वेगळा, चपलेचा पट्टा जाईल असा.
"हा जड आहे," इरफान आधीच अपराधी,
"संध्याकाळी ओढ लागेल."

मग त्यानं फॉर्म पुढं केला. एक ते पाच गुण द्या.
चालणे. जिना. धावणे. दिसणे.
मी विचारलं, बसण्याचा रकाना कुठंय?
"खुर्चीत?"
जमिनीवर रे. विळीवर.

पिशवीतून विळी काढली, गोणपाटात गुंडाळलेली.
खाली वॉचमननं अडवली होती,
सून त्याच्याशी भांडून वर घेऊन आली.

उजव्या पायाचं काम काय होतं, ऐक:
चालणं थोडं, दाबणं फार.
पाट हलला की बोट जातं,
हे आईनं मांडीवर चापट मारून शिकवलं,
तेव्हा मला सुरमई उचलतही नव्हती.

पहिल्याची टाच टेकेना,
बोटांवर उभा राहिला, पाहुण्यासारखा.
दुसरा दाबला तर त्यानं दाब परत दिला,
विळी घसरली, सून ओरडली.
तिसरा घोट्यात वाकला,
पाटावर पसरला,
जेवण झालेल्या नवऱ्यासारखा, हलायचं नाव नाही.

मासा नव्हता. इरफाननं डब्यातला कांदा दिला.
मी चिरला, पातळ, न बघता.
डोळे त्याचे आले.

"वजन हा आम्ही दोष धरतो," तो म्हणाला,
डोळे बाहीला पुसत.
मी म्हटलं, पोरा, ज्याला पळायचंय त्याला तो काळा दे.
मला जागेवर राहायचंय.

त्यानं फूटपट्टी घेतली, कागदाच्या तळाशी रेघ मारली,
लिहिलं: बसणे.
मी चार गुण दिले.
एक का कापला, तेव्हा सांगता आलं नाही.

आता सांगते.
दुपारी बाजार उतरतो, बर्फाचं पाणी दोन्ही पायांखालून जातं.
गार लागतं डाव्याला.
उजव्यावर खवले चिकटतात, सुकतात, चमकतात,
मला पत्ता नसतो.
बोकोबा येतो, त्याच पायाला पाठ घासतो,
तोच का, देव जाणे,
बहुतेक त्याला जास्त वास.
आलाय की गेलाय ते कळायला
मला वाकून बघावं लागतं.